उशीकाकांचा पंखा

माझ्या मावशीच्या नवऱ्याला आम्ही सगळे उशीकाका म्हणतो. तोंडावरही म्हणतो, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. सोफे, खुर्च्या, गाद्या भरण्याचा त्यांचा धंदा. पण नाव धंद्यावरून पडलेलं नाही, स्वभावावरून पडलंय. जगातली कुठलीही अडचण असो, तिच्याखाली, तिच्यावर किंवा तिच्याभोवती काहीतरी मऊ घातलं की ती सुटते, अशी या माणसाची ठाम समजूत आहे.

खुर्ची ओढताना करकरली की तिच्या पायांना मोजे. दार आपटलं की चौकटीला फोमची पट्टी. गजराचं घड्याळ कर्कश वाटलं म्हणून त्याला त्यांनी मखमलीचं टोपरं शिवलं होतं, त्यामुळे माझी मावसबहीण वार्षिक परीक्षेला उशिरा पोचली. ती आता स्वतः दोन मुलांची आई आहे, तरी त्या घरात तो विषय काढायचा नसतो.

बोलणं हा काकांचा प्रांत नाही. मी लहान असताना त्यांच्याकडे टेबलाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटून घेतलं. सगळं घर माझ्याभोवती जमलं, काका तेवढे जागचे हलले नाहीत. मला फार राग आला होता. दुसऱ्या दिवशी पाहते तर टेबलाच्या चारी कोपऱ्यांना गुबगुबीत टोप्या, आणि टाके इतके बारीक की शोधून सापडू नयेत. ‘लागलं का गं’ एवढं या माणसाला म्हणता येत नाही, शिवता येतं. हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली. मावशीच्या डोक्यात ते कधीच शिरलंय, पण तिचा राग त्याने कमी झालेला नाही.

आणि तिचं काही चुकत नाही. मावशी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. घाबऱ्याघुबऱ्या फोन करणारी माणसं तिचं नुसतं ‘थांबा हं, जोडून देते’ ऐकून निम्मी शांत व्हायची. ती निवृत्त झाली आणि त्या आवाजाला गिऱ्हाईक उरलं नाही. घरात माणूस एकच, आणि तो दिवसभर पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर वाकलेला. मावशी पेपर मोठ्याने वाचायची आणि पुढच्या खोलीतून ‘हूं’ यायचं. एकदा तिने हवामानाच्या बातमीत ‘संध्याकाळी आपल्या छपरावर हत्ती पडण्याची शक्यता आहे’ असं मुद्दाम घुसडलं. तरी ‘हूं’ आलंच.

“त्यापेक्षा भिंतीला वाचून दाखवीन,” मावशी मला म्हणाली. “भिंत निदान खोटं हूं तरी करत नाही.”

म्हणून बोलक्या पुस्तकांच्या लायब्ररीने तिला वाचक म्हणून घेतलं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, असं ते काम. तिला पहिलंच पुस्तक मिळालं ते एका दीपगृहाच्या रखवालदाराची जाडजूड कादंबरी. माझा जुना कॉम्प्युटर मी तिला दिला, माइक आणून दिला, मागच्या खोलीत टेबल मांडून दिलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. दिवसभर आतून ड्रिलचा आवाज आणि बाहेर पेशंटची कुरकूर ऐकून माझे कान इतके किटलेले असतात, की त्या कॉम्प्युटरला आवाज आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

ते लक्षात आलं मास्तरांच्या. हे मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना दिसत नाही, आणि त्याची भरपाई ते कानांनी करतात. लायब्ररीत येणारं प्रत्येक नवं रेकॉर्डिंग आधी ते ऐकणार, मग ते पुढे जाणार. वाचणाऱ्याने आवंढा गिळलेला ऐकू आला तरी परत. एका बाईंचं अख्खं पुस्तक त्यांनी कानातल्या डुलांच्या किणकिणीवरून परत केलं होतं म्हणे. मावशीचा नमुना ऐकून त्यांनी लायब्ररीच्या बाईंना एवढंच सांगितलं, “मागे काहीतरी भुणभुणतंय.”

टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा होता, त्यातला पंखा भुणभुणत होता. मावशीने हे काकांना सांगितलं, म्हणजे पुढच्या खोलीच्या दिशेने सांगितलं. ‘हूं’ आलं. पण या वेळचं हूं खरं होतं, कारण संध्याकाळी काका टेप घेऊन मागच्या खोलीत आले आणि डब्याची मापं घेऊन गेले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. असली चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. तुम्ही-आम्ही फार तर डब्यावर चादर टाकली असती, ती घसरली असती आणि विषय संपला असता. काका पडले कसबी. त्यांनी त्या डब्याला अंगाबरोबर बेतलेला अंगरखा शिवला. जाड फोमचं अस्तर, वर किरमिजी मखमल, कडांना सोनेरी पायपिंग, पोटावर ओळीने बटणं. स्विच दाबायला बोट जाईल एवढं एक भोक ठेवलं. मागे हात लावून पाहिला तर तिथल्या जाळीतून वारा येतोय आणि आवाजही तिथूनच येतोय, असं त्यांच्या लक्षात आलं. मग तिथे त्यांनी फोम दुहेरी केला. आवाज जिथून येतो तिथेच बूच मारायचं, हा त्यांचा साधा सरळ हिशोब.

पहिला थोडा वेळ अंगरखा घातलेला डबा अगदी गप्प होता, असं मावशी सांगते. मग त्याने घसा खाकरला, मग तो गुरगुरू लागला. काकांनी आणखी एक थर शिवून आणला. तेव्हा तो जो काही घोंघावायला लागला, तो थांबेच ना. दुसरा नमुना तशातच रेकॉर्ड झाला आणि लायब्ररीच्या बाईंचा फोन आला.

“ताई, मास्तर विचारतायत, तुम्ही पिठाच्या गिरणीत बसून वाचता का,” बाई म्हणाल्या. बोलायला बिचाऱ्या चांगल्या होत्या. “या शनिवारपर्यंत एक स्वच्छ नमुना द्या. नाहीतर मला हे पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. ऐकणारे खोळंबलेत हो.”

मावशीने त्याच दुपारी पुन्हा वाचायला घेतलं. मधेच डबा किंचाळल्यासारखा झाला आणि एकदम बंद पडला. पडदा काळा. मग तिने मला दवाखान्यात फोन केला. मी म्हटलं, मावशी, पेशंट आहेत, नंतर बोलू. ती नेहमीच्या त्या शांत ऑपरेटरच्या आवाजात म्हणाली, “नंतर बोल. पण हे पुस्तक गेलं ना, तर मी परत भिंतीकडे गेले असं समज.”

मी तशीच निघाले. जाताना कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्यालाही बरोबर घेतलं. हा गृहस्थ कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि बोलतो, त्यातलं बोलण्याचं काम जास्त करतो. खोलीत शिरल्यावर तो टेबलाखाली वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

“हे काय आहे?” त्याने विचारलं.

“कव्हर,” काका दारातून म्हणाले.

“काका, माझ्या लग्नात माझा कोट इतका चांगला नव्हता.”

त्याने एकेक बटण काढून अंगरखा उतरवला, डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. झाकण उघडलं तर आत काही दिसेचना. पुढच्या खोलीत वर्षानुवर्षं कापूस पिंजला जातो, काथ्या झोडला जातो, त्याचं सगळं उडतं ते या डब्याने ओढून घेतलं होतं. पंख्याखाली पत्र्यांची बारीक जाळी असते, तिच्यावर करड्या कापसाचा जाड थर बसला होता. माझा कॉम्प्युटर तिथे येऊन सहा महिनेही झाले नव्हते.

“तुम्ही बाहेरून भरलात आणि तो आतून स्वतःच स्वतःला भरत होता,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “गादीच झाली की हो याची. काकू, चहा टाका, आज बसावं लागणार.”

चहा आला, तसा तो समजावून सांगायला लागला. मी सांगते ते त्याच्याच शब्दांत, फक्त निम्मं.

“पंख्याला स्वतःची अक्कल नसते. मुख्य चिपच्या पोटात तापमान मोजायची सोय असते. ती बोर्डाला आकडा कळवते आणि बोर्ड पंख्याला सांगतो, की बाबा रे, चाळीस आहे, रमतगमत फीर. साठ झाले, पाय उचल. ऐंशी झाले, पळ. या चार वायरी बघा. दोन विजेच्या. तिसरीवरून पंखा कळवतो की मी इतका फिरतोय. आणि चौथीवरून त्याला हुकूम येतो.”

“आणि हुकमाची वायर तुटली तर?” मी विचारलं.

“तर पूर्ण वेगात. कुणी काही सांगत नाही म्हणजे काहीतरी वाईटच झालं असणार, असं धरून चालतो तो.”

“मावशीसारखा,” मी म्हणाले. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहात बिस्किट बुडवलं.

“आता आवाज का होतो,” तो पुढे म्हणाला. “पातं जितक्या जोरात हवा कापणार तितका घोंघाट जास्त. तुम्ही मागची जाळी बुजवलीत. गरम हवा आतल्या आत फिरत राहिली, आकडा चढला, पंखा पळायला लागला, आवाज वाढला. आवाज वाढला म्हणून तुम्ही आणखी एक थर घातलात. मग आकडा आणखी चढला. शेवटी मशीनने जीव वाचवायला स्वतःलाच बंद करून घेतलं.”

म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, मी मनात म्हटलं. काकांनी डब्याच्या मागच्या जाळीवरून बोट फिरवलं.

“म्हणजे मी तोंड दाबलं म्हणून तो ओरडला,” ते म्हणाले. सलग एवढे शब्द त्यांच्या तोंडून येणं ही त्या घरात बातमी होती.

“तोंड दाबून ठेवलं तर कुणीही ओरडेल,” मावशी म्हणाली.

ती हे डब्याबद्दल बोलत नव्हती, हे कॉम्प्युटरवाल्यालाही कळलं. तो बशीतला चहा फुरकन प्यायला आणि ब्रशने कापूस काढायला लागला. काकांनी अंगरखा उचलला आणि पुढच्या खोलीत नेला. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला गेले तेव्हा ते तो मांडीवर घेऊन एकेक टाका उसवत होते. स्वतःचा चांगला शिवलेला माल उसवताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मी काही बोलले नाही. त्या घरात राहिलं की तीही सवय लागते.

डबा साफ झाला, चिपवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली गेली, आणि फरक पडला. पण पुरता पडला नाही. मावशी वाचायला लागली की थोड्या वेळाने पंखा वेग घ्यायचा, मग हळू व्हायचा, मग परत घ्यायचा. एकसारखा आवाज असता तर कानाने सोडून तरी दिला असता. हा वर-खाली होणारा आवाज दर वेळी नव्याने लक्ष वेधून घ्यायचा. त्यात खोली बारकी, दिवस उन्हाळ्याचे, आणि खिडकीला काकांनी कधीच जाड गादी ठोकलेली, रस्त्याचा आवाज नको म्हणून. आतली गरम हवा जाणार कुठे? डबा पुढच्या खोलीत न्यावा तर तिथे कापूस. खिडकीवरची गादी काढावी तर खाली रिक्षा, भाजीवाले आणि समोरच्यांचा कुत्रा. आगीतून फुफाट्यात.

“मोठ्या पात्याचा पंखा बसवा,” परत बोलावल्यावर कॉम्प्युटरवाला म्हणाला. “मोठं पातं सावकाश फिरलं तरी तेवढीच हवा देतं, आवाज नाही. पण मागवावा लागेल. या आठवड्यात काही येत नाही. तोवर मी याला सगळ्यात कमी वेगावर बांधून ठेवतो. पण हा आकडा इथे पडद्यावर दिसेल, तो ऐंशीच्या वर जाऊ देऊ नका. गेला, तर मशीन माझंही ऐकणार नाही. पंखा सुटेल पूर्ण वेगात.”

“आणि ऐंशीच्या वर जाऊ द्यायचा नाही म्हणजे करायचं काय?” मावशीने विचारलं. “अंगाई म्हणू?”

कॉम्प्युटरवाला पाना-स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरून निघून गेला. शनिवार उद्यावर आला होता. मावशी पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने पुस्तक मिटलं. ते ती ज्या तऱ्हेने मिटत होती ते बघून मला रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात काका दारात आले. “त्याला हवाच पाहिजे ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

“मग मी घालतो.”

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने एखाद्या अडचणीवर मऊ काही सुचवलं नव्हतं, असं मी म्हणणार होते. पण अर्ध्या तासाने ते पंखा घेऊन आले. जाड पुठ्ठा कापलेला, त्याला लाकडी दांडी, आणि पुठ्ठ्याची कड वाजू नये म्हणून तिला सगळीकडून किरमिजी मखमल शिवलेली. अंगरख्यातली मखमल सत्कारणी लागली होती. जित्याची खोड ती.

शनिवारी दवाखान्याला दांडी मारून मी तिथे हजर होते. मला पलंगावर बसवून हलायचं नाही, शिंकायचं नाही, पोटातही काही वाजवायचं नाही, अशी तंबी मिळाली होती. मावशी माइकसमोर. काका टेबलाच्या बाजूला, बुटक्या स्टुलावर, झाकण काढलेल्या डब्यासमोर. त्यांना पडदा दिसेल असा मी जरा वळवून दिला होता. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता.

मावशीने वाचायला सुरुवात केली. आकडा चढला तसा काकांचा हात जरा जलद झाला. उतरला तसा सावकाश. पुन्हा चढला, पुन्हा जलद. बघता बघता माझ्या लक्षात आलं, की कॉम्प्युटरवाल्याने चहाच्या दोन कपांत सांगितलं ते सगळं माझ्यासमोर स्टुलावर बसलंय: तापमान बघणारा, हुकूम देणारा आणि वारा घालणारा, तिन्ही एकाच बनियनमध्ये. खरा पंखा तळाशी अगदी मंद फिरत होता. खोलीत मावशीच्या आवाजाशिवाय काही नव्हतं, फक्त पुठ्ठ्याची अगदी हलकी फडफड.

प्रकरण वादळाचं होतं. रखवालदाराची बायको होडीने पलीकडच्या गावी गेलेली, परत यायला निघालेली, आणि वारा सुटतो. हा रखवालदार म्हणजे मुखदुर्बळ माणूस. सकाळी तिच्याशी भांडण झालेलं आणि ती निघाली तेव्हा हा नुसता दिव्याच्या काचा पुसत बसलेला. आता वर जिन्याने धावतो, दिवा पेटवतो, आणि त्याला बोलता येत नाही म्हणून दिवा फिरवत राहतो. मावशी वाचत होती, आणि मी तिचा आवाज इतकी वर्षं ऐकत आले तरी असा ऐकला नव्हता.

काकांचा हात मंदावला. मी आकडा बघितला: बहात्तर. मग हात थांबला. पंचाहत्तर. पुठ्ठा छातीशी धरून हा माणूस मावशीच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मी हात हलवले. मी पलंगावर बसल्या जागी कवायत केली. अठ्ठ्याहत्तर. त्यांना मी दिसतच नव्हते. ओरडावं तर रेकॉर्डिंग चालू, न ओरडावं तर ऐंशी. एकदा वाटलं, उशी फेकून मारावी. त्या घरात उशांची कमी नाही. पण ते सुचेपर्यंत उशीर झाला होता.

पंखा सुटला. बांधून ठेवलेलं सगळं एकदम सोडल्यासारखा तो घोंघावत उठला. मावशीने पुस्तकावरून वर पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता ती थांबणार. पण तिची नजर पंख्यावर गेलीच नाही, काकांवर गेली. त्यांचं तोंड उघडं होतं. ती क्षणभर तशीच बघत राहिली आणि मग तिने आवाज चढवला. पंख्याच्या वर चढवला. वादळ वाचत होती ती, आणि खोलीत वारा घोंघावत होता, आणि ती त्यातून होडीला किनाऱ्याकडे ओढत होती. रखवालदार दिवा फिरवतोय, लाट येतेय, दिव्याच्या झोतात काहीतरी काळं दिसतंय, आणि तिथे प्रकरण संपलं.

“मग?” काका म्हणाले. “पोचली का ती?”

बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने ‘मग?’ असं पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तेही चालू माइकसमोर.

मावशीने रेकॉर्डिंग बंद केलं. काकांना आत्ता कुठे आकडा दिसला, पंखा ऐकू आला, आणि हातातल्या पुठ्ठ्याचा अर्थ कळला. ते उठून उभे राहिले, परत बसले, पुठ्ठा जोरजोरात हलवायला लागले. वरातीमागून घोडं.

“माझ्यामुळे गेलं,” ते म्हणाले. “तुझं पुस्तक माझ्यामुळे गेलं.”

“दुसऱ्यांदा वाच,” मी मावशीला म्हणाले. “अजून वेळ आहे.”

“नाही,” ती म्हणाली. “असं मला परत वाचता यायचं नाही. हेच दे नेऊन. परत आलं तर आलं.” आणि ती उठून काकांच्या हातातला पुठ्ठा काढून घेत म्हणाली, “पुरे हो. हात दुखतील.”

मी रेकॉर्डिंग लायब्ररीत पोचवून आले. सोमवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी मावशीकडेच होते. दुसरीकडे माझं लक्षच लागत नव्हतं. मावशीने स्पीकर लावला. आधी लायब्ररीच्या बाई बोलल्या, मग म्हणाल्या, मास्तरांनाच बोलायचंय. मावशी पलंगावर टेकली. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

“तो वारा कसला?” मास्तरांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

“कॉम्प्युटरचा पंखा होता, सर,” मावशी म्हणाली.

“ते कळलं मला. मला दिसत नाही, ऐकू येतं. त्याच्या आधी एक फडफड आहे. कमी-जास्त होते, मग थांबते. ती थांबली की थोड्या वेळाने तो पंखा सुटतो. फडफड कोण करत होतं?”

“माझे मिस्टर. वारा घालत होते. मशीन तापू नये म्हणून.”

“मग थांबले का?”

मावशीने काकांकडे पाहिलं. काका एक पाऊल पुढे आले आणि फोनकडे तोंड करून, साहेबासमोर उभं राहिल्यासारखे म्हणाले, “ऐकत होतो.”

“ऐकता ऐकता माझाही चहा निवला,” मास्तर म्हणाले. “बाई, आधीच्या दोन्ही वेळी तुम्ही मशीनला वाचून दाखवत होता. शब्द स्वच्छ, पण कुणाला सांगताय तेच कळत नव्हतं. या वेळी समोर माणूस होता. पुस्तक तुमच्याकडेच राहील. पंख्याचा आवाज पुन्हा चालणार नाही, वादळ आहे म्हणून या वेळी सोडतोय. फडफड चालेल. शेवटचा तो पुरुषाचा प्रश्न तेवढा काढून टाका.” मग त्यांचा आवाज बदलला. “आणि काय हो, पोचली का ती?”

“पुढचं प्रकरण ऐका,” मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठेवल्यावर ती हसत सुटली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. काका “हूं” म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. त्या संध्याकाळी शिलाई मशीन काही चाललं नाही.

मोठ्या पात्याचा पंखा पुढच्या आठवड्यात आला. मीच नेऊन दिला आणि कॉम्प्युटरवाल्याला सांगून ठेवलं. पण मावशी त्याला बोलवायचं नावच काढेना. आज काय तर पाहुणे, उद्या काय तर त्याचा फोन लागत नाही. रखवालदाराची कादंबरी संपली, दुसरं पुस्तक आलं, तेही निम्मं झालं. दुपारी जेवणं झाली की काका शिलाई मशीन बंद करायचे, हात धुवायचे आणि स्टुलावर जाऊन बसायचे. स्टुलाला आता गुबगुबीत बैठक आली होती. आकडा चढला की हात जलद, उतरला की सावकाश, आणि प्रकरण संपून माइक बंद झाला की “मग?”

शेवटी मी एकदा मावशीला स्वयंपाकघरात गाठलं. “नवा पंखा बसवत का नाहीस गं? त्यांचा खांदा दुखतो रोज.”

“रात्री तेल लावून देते मी,” ती म्हणाली आणि तिने नळ सोडला. मग पाण्याच्या आवाजात मला ऐकू येईल न येईल इतक्या हळू म्हणाली, “तो बसवला की हे परत पुढच्या खोलीत जातील. मी कपाटात चादरींच्या मागे लपवून ठेवलाय. त्यांना बोलू नकोस.”

मी बोलले नाही. पण एवढं ऐकल्यावर तो खोका बघितल्याशिवाय मला राहवेना. मावशी मागे वाचायला बसल्यावर मी हळूच कपाट उघडलं आणि चादरी बाजूला केल्या. खोका तिथेच होता, पण तो आता खोका दिसत नव्हता. त्याला किरमिजी मखमलीचं कव्हर होतं, सोनेरी पायपिंगचं, अगदी अंगाबरोबर बेतलेलं. उघडायला कुठे बटण असेल म्हणून मी ते सगळीकडून फिरवून बघितलं. त्याला बटण नव्हतं, चेन नव्हती, भोकही नव्हतं. काकांनी ते चारी बाजूंनी पक्कं शिवून टाकलं होतं.